मामांनी नापास केलेले पाइप

माझ्या बायकोच्या मामांइतका संतापी माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. बरं, हा संताप माणसांवर असता तर माणसांनी वाट बदलली असती. मामांचा संताप होता चिरांवर. कुठलीही वस्तू समोर आली की तिच्यात कुठेतरी चीर आहे, ती कोणीतरी मुद्दाम लपवली आहे आणि ती शोधायला या जगात आपण एकटेच उरलो आहोत, अशी त्यांची ठाम समजूत होती. आमच्या लग्नात आहेराची भांडी मांडली होती. मामांनी एकेक पातेलं कानाशी धरून वाजवून पाहायला सुरुवात केली. माझ्या आत्यानं दिलेलं घंगाळ बद्द वाजलं. "हे कुणी दिलं?" मामा असे गरजले की सनईवाला थांबला. आत्या त्यानंतर माझ्याशी बोलली ती थेट मुलाच्या बारशाला.

एकदा हरिहरेश्वराला गेलो होतो. लोक घंटा वाजवून आत जातात; मामांनी ती पुन्हा पुन्हा वाजवली, खाली वाकून आतून पाहिली आणि गुरवाला हाक मारली. "अहो, घंटेला चीर आहे."

"असंल," गुरव म्हणाला. "देवाला चालते."

"देवाला चालते म्हणून तुम्ही काहीही टांगाल काय?" मामा असे तापले की देव बाजूलाच राहिला. मागे रांग खोळंबली. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "बाबा, पाया परते तुज्या, पन बाजूला सर." तेव्हा कुठे आम्हाला दर्शन मिळालं. परतीच्या वाटेवर माणगावापर्यंत मामा घंटेबद्दल बोलत होते. तिथे जेवायला उतरलो, तर खाणावळीतल्या तांब्यावरून नवा विषय निघाला.

पण हाच माणूस नोकरीच्या जागी पाहावा. गुजरातेत तेव्हा तेलाच्या विहिरी खोदायला नुकती सुरुवात झाली होती. त्यांचे पोलादी पाइप बोटीनं मुंबईला येत, तिथून पडावांनी आमच्या खाडीकाठच्या एका आवारात उतरत, तपासले जात आणि पुढे रवाना होत. तपासणी मामांकडे होती. पाइपाच्या एका तोंडाशी आरसा धरून आत उन्हाची तिरीप सोडायची आणि दुसऱ्या तोंडाला डोळा लावायचा. मग पोलादाची जाडी मोजायची, आटे बोटानं चाचपायचे. संशय आलाच तर रॉकेल चोळायचं, पुसून टाकायचं आणि वर खडूची भुकटी पसरायची. चीर असली की आत मुरलेलं रॉकेल वर येऊन पांढऱ्या भुकटीत काळी रेघ उमटे. "बघा, बघा हा हरामखोर!" मामा ओरडत. शिवी पाइपाला होती की तो करणाऱ्याला, हे मला कधीच कळलं नाही. मग त्या पाइपावर लाल रंगाचा पट्टा ओढला जाई. "जावईबापू," ते मला म्हणत, "हे एकाखाली एक जोडून जमिनीत पार खोल सोडतात. एक तुटला तर वर उभ्या माणसांचं काय?"

मग मुंबईहून नवे साहेब आले. त्याच सुमारास आलेल्या मालातले पुष्कळ पाइप मामांनी नापास केले होते. साहेबांनी हुकूम सोडला, "पट्टे खरवडा आणि माल पाठवा. तिकडे काम अडलंय."

"साहेब, चिरा आहेत."

"अहो, केसाएवढी चीर ती!"

"केस डोक्यावर ठीक, साहेब. पाइपात नको."

साहेबांच्या डोक्यावर तोही नव्हता, हे मामांच्या ध्यानात आलं नाही. ते छत्री उघडून सरळ पाइपांच्या ढिगावर जाऊन बसले. हमाल खालून विनवत होते, "मामा, उतरा. सायेब पोलीस आनतोय." पोलिसांना मामा बधले नसते. पण साहेबांनी सांगितलं, हे उतरले नाहीत तर हमालांची सगळी टोळी उद्यापासून घरी. मामांनी खाली उभ्या माणसांकडे पाहिलं, छत्री मिटली आणि ते उतरले. त्यांच्यासमोर तारेच्या ब्रशांनी पट्टे खरवडले गेले. मामांची बदली कोठारात झाली, दोर आणि खिळे द्यायला.

आज एवढ्या वर्षांनी हे लिहितानाही माझे कान तापतात. ज्या माणसानं देवाच्या घंटेला सोडलं नाही, त्याच्या हातात खिळे! मामांनी वरपर्यंत तक्रार केली. कुणी दाद दिली नाही. मला वाटलं, आता ते साहेबांचा उद्धार करत बसतील. तसे ते बसतही. पण रोज वर्तमानपत्र आलं की आधी गुजरातची बातमी शोधत आणि ती वाचून होईपर्यंत चहाला हात लावत नसत. एकदा मामी मला हळूच म्हणाल्या, "हे देवापुढे बसून काय मागतात, ठाऊक आहे? म्हणतात, या वेळी माझं चुकलेलं असू दे."

पुढच्या उन्हाळ्यात म्हसळ्याचा कासम रजेवर आला. तिकडच्या विहिरींवर कामाला असलेला हा एवढाच माणूस मामांच्या माहितीत होता. मामांनी निरोप धाडून त्याला बोलावून घेतलं. तो ओटीवर टेकतो न टेकतो तोच त्यांनी विचारलं, "लाल पट्टा खरवडलेले पाइप आले होते तुमच्याकडे?"

"आले ना, मामू."

"मग?"

"आमचा मिस्त्री मोठा खडूस. खरवडलेला लाल दिसला, तर बोलला, कुणीतरी पट्टा मारला तो उगाच काय? एक पन विहिरीत सोडला न्हाय. पडून होते, मग जेवनाच्या छपराला खांब केले त्यांचे."

मामा एकदम उसळले, "खांब? चीर वरच्या अंगाला ठेवली की खालच्या? पाहिलं कुणी?"

"अल्ला जाने, मामू. छप्पर उभा हाय. आमी रोज तिथंच जेवतो."

मामांनी भिंतीला पाठ टेकली. चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि ते एकाएकी फार म्हातारे दिसू लागले. डोळे पुसले की घाम, मी नीट पाहिलं नाही. कासम उठायला लागला तसा मामांनी त्याचा हात धरून त्याला पुन्हा बसवलं.

"जेवायला बरं मिळतं का रे तिकडे?" त्यांनी विचारलं.

कासम सांगत राहिला. डाळीत मीठ कमी, मासळी नावाला नाही, भाकरी तर कोणाला थापताच येत नाही. इतके दोष एका दमात कानावर पडूनही मामा चिडले नाहीत. मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि आत मामींना हाक मारून म्हणाले, "पान वाढा. पोरगा जेवून जाईल."