तीन तास चाळीस मिनिटं

दम्मामहून पुणं किती लांब, सांगता का? लाजू नका, मोबाईल काढा. सव्वीसशे किलोमीटर, विमानाला तीन तास चाळीस मिनिटं. मिळालं उत्तर? आता हमीदचाचांचं ऐका.

चाचा मंडईत हातगाडी ओढायचे. चाळीस वर्षं. पुढे ते, मागून ढकलायला कचरूभाऊ. एखादा हॉटेलवाला गुरकावायचा, "मंडई ते माझं दुकान दहा मिनिटं. एवढा उशीर?" चाचा गाडी टेकवून म्हणायचे, "शेठ, दहा मिनिटं रिकाम्या माणसाला. भरणं, उतरवणं, सिग्नल, हे मधलं थांबणं कोण धरणार? तुमचे सासरे?" स्वतः मात्र तासाने येतो म्हणाले की तासानेच यायचे. कुणाला ताटकळत ठेवलं नाही.

गेल्या एप्रिलात पहाटेच्या अजानला चाचा गेले. मुलगा तन्वीर दम्मामला वेल्डर. बापाला खांदा द्यायचा, मूठभर माती द्यायची, एवढंच मागत होता. मय्यत फार वेळ ठेवायची नसते, त्यात ते ऊन. अख्तरबानूचाची म्हणाल्या, "मगरिबपर्यंत, दिवस मावळेपर्यंत थांबू. त्यापुढे नाही."

तन्वीरने थोरल्या बहिणीला फोन केला. "आपा, तीन तासांनी मुंबईचं विमान आहे. पण मुंबईहून पुढे चार तास गाडी. काय करू?"

रुमानाने मोबाईलवर पाहिलं. कुठलीशी वेबसाइट, तोच आकडा, ठळक अक्षरांत. "अरे, मुंबईला कशाला उतरतोस? पुण्याचंच काढ. पावणेचार तासांत लोहगावला!"

आम्ही दहाजण भोवती उभे. मीही मान डोलावली. जन्मभर चाचांनी विचारलेला प्रश्न एकाच्याही तोंडून निघाला नाही.

तन्वीरने घाईत पैसे भरले. विमानतळावर नीट वाचलं, तेव्हा कळलं. आधी दिल्ली, तिथे नऊ तास बसून राहायचं, पुण्यात दुसऱ्या दिवशी अकराला. त्या दिवशी सरळ विमानच नव्हतं! तो आकडा नकाशावर पट्टी ठेवून काढलेला. तोवर मुंबईचं विमान उडालेलं. त्यात बसला असता, तर मगरिबच्या आत दारात असता.

चाचींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "न्या. त्यांनी कुणाला ताटकळवलं नाही." पोराच्या जागी खांदा कचरूभाऊंनी दिला.

दुसऱ्या दिवशी तन्वीर बॅगेसकट कब्रस्तानात गेला आणि मग घरी. रुमाना दारातच उभी होती. तो एवढंच बोलला, "तू पावणेचार तास म्हणाली होतीस, आपा." तेव्हापासून फोन येतो तो आईला. आपाला नाही.

पोरीचा काय गुन्हा? लिहिलं होतं तेच वाचलं ना तिने? मी त्या वेबसाइटवाल्यांना तीन पत्रं लिहिली. त्या दिवशी असं विमान नव्हतं, एवढं तरी खाली छापा म्हणालो. उत्तर एका ओळीचं: "आमचा आकडा अचूक आहे." अचूक! कावळ्याला विचारा, तोही अचूकच सांगेल. पण वेल्डर पंख लावून येत नाही, साहेब.

त्यांना लाज नाही, तेव्हा तुम्हाला सांगतो. उद्या तुमच्या घरून असा फोन गेला, तर मोबाईलमधला आकडा पोराला वाचून दाखवू नका. आधी चाचांचं विचारा: बाबा रे, मधलं थांबणं धरलंस का?