बिनपाण्याच्या गाडीचे हवालदार

गाडी सुरू करण्याआधी हवालदार कधी तिच्या पुढच्या बाजूला जात नसत, मागे जात. सकाळी सहाला दवाखान्याच्या आवारात आले की चहा नाही, कोणाशी बोलणं नाही. बाही कोपरापर्यंत दुमडायची, मागचं झाकण उघडायचं आणि हात आत घालायचा. पट्टा अंगठ्याने दाबून बघत. पंख्याच्या तोंडाशी एखादं पान, एखादी चिंधी अडकली आहे का ते चाचपत. तेलाची पट्टी काढून, पुसून पुन्हा बुडवत. दहा मिनिटांनी हात पुसत म्हणत, "चला सिस्टर, आज पेठला पोचतोय." न पोचण्याची शक्यता त्यांच्या बोलण्यात कधी आलीच नाही.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी मी नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्स म्हणून लागले. दवाखान्याची एक फिरती गाडी होती, परदेशातून देणगीत आलेली, तेव्हाच जुनी झालेली. बुधवारी ती पेठकडे जायची, शनिवारी सुरगाण्याकडे. डॉक्टर, मी, औषधांच्या पेट्या आणि चालवायला हवालदार. ते लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, देवळालीगावात राहणारे. "मी नाईक होतो, हवालदार तुम्ही लोकांनी केलं," असं ते प्रत्येक नव्या माणसाला एकदा सांगत. मग हाकेला ओ देत.

त्या गाडीचं इंजिन मागे होतं आणि त्याला पाणी लागत नसे. सावळघाटाच्या पायथ्याशी ट्रक बॉनेट उघडून उभे असत, क्लीनर डबे घेऊन पाण्यामागे धावत असत आणि आम्ही त्यांच्या बाजूने सरळ वर जात असू. तिथल्या चहावाल्याने एकदा विचारलं, "तुमची गाडी पानी पीत नाय का हो?" हवालदार म्हणाले, "नाय. वारा खाते. आणि वाऱ्याला वाट लागते."

ही वाट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पंख्याचा गार वारा इंजिनावरून जायचा आणि गरम होऊन खाली निघून जायचा. मधे पत्रे होते, कडेला रबराच्या पट्ट्या होत्या, म्हणजे खालचा गरम वारा पुन्हा वर येणार नाही. पावसाळ्यानंतर ते दोन दिवस गाडी कोणाला देत नसत. इंजिनाच्या पात्यांमधला चिखल, गवताच्या काड्या, एकदा तर उंदराचं अख्खं घरटं, सगळं ब्रशने काढत. "तेल म्हणजे हिचं अर्धं पाणी," म्हणून ते वेळेआधीच बदलत.

एकदा गाडी रंगवायला शहरातल्या एका गॅरेजला दिली होती. ती चकचकीत होऊन आली. हवालदारांनी मागचं झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं.

"दोन पत्रे नाहीत. रबरही काढलंय. गाडी जाणार नाही."

डॉक्टर चिडले. "अहो, सुरगाण्याला लोक येऊन बसले असतील. दोन पत्र्यांनी काय होतंय?"

"स्वतःचाच गरम वारा परत ओढून घेईल साहेब. घाटात बसेल. मग लोक दोन महिने बसतील."

ते सायकलवर गॅरेजला गेले आणि भंगाराच्या ढिगातून दोन्ही पत्रे आणि रबराच्या पट्ट्या शोधून दुपारी परत आले. आम्ही एक दिवस उशिरा सुरगाण्याला पोचलो. डॉक्टर वाटभर घड्याळ बघत राहिले. हवालदारांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र होती. ते दुसऱ्या कोणाला त्या झाकणाला हात लावू देत नसत. मी एकदा विचारलं, "मलाही दाखवा ना." तर म्हणाले, "तुम्ही इंजेक्शन बघा, सिस्टर. हे माझ्याकडे आहे." त्यात तुसडेपणा नव्हता. पण दहा वर्षं ते त्यांच्याकडेच राहिलं.

ते निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं आणि त्यांच्या जागी विठ्ठल आला. आधी टेम्पो चालवणारा, दोन मुलींचा बाप, सरळ माणूस. हवालदारांनी त्याच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाले, "जपा." एवढंच.

चौथ्या महिन्यात, एका बुधवारी घाट अर्धा चढलो असू, तेव्हा समोरचा तांबडा दिवा लागला. विठ्ठल म्हणाला, "बॅटरीचा दिवा आहे, साहेब. चार्जिंग होत नसेल."

"गाडी चालतेय ना? मग चला," डॉक्टर म्हणाले. "लोक थांबलेत."

हवालदार असताना हा दिवा एकदा लागला होता, तेव्हा त्यांनी जागच्या जागी इंजिन बंद केलं होतं. मला ते आठवलं. मी बोलले नाही. पाच-सहा मिनिटांत मागून जळल्याचा वास आला, खडखडाट झाला आणि इंजिन आवळून जाम झालं. पट्टा तुटला होता. त्याच पट्ट्यावर बॅटरी चार्ज करणारा डायनामो फिरायचा आणि त्याच पट्ट्यावर पंखा.

ट्रस्टच्या बैठकीत विठ्ठलला काढायचं ठरत आलं होतं. इंजिन बघायला म्हणून हवालदारांना बोलावलं होतं. ते बघून आले, हात धुतले, जयभीम करून दारातच उभे राहिले. चिटणीसांनी विचारलं, "चूक ड्रायव्हरचीच ना?"

"नाही साहेब. माझी."

आणि त्यांनीच पुढे सांगितलं, "तो दिवा लागला म्हणजे पंखा थांबला, हे मी विठ्ठलरावांना सांगितलंच नाही. सांगायला दहा वर्षं होती, कोणालाच सांगितलं नाही. मला वाटायचं, मी आहे ना. गाडी दिली, पण माहिती माझ्याजवळ ठेवली."

मग डॉक्टर खाली बघत म्हणाले, "पुढे चला मीच म्हणालो होतो." आणि मीही सांगून टाकलं, की मला आठवलं होतं.

विठ्ठल राहिला. मुंबईच्या भंगार बाजारातून सामान आलं आणि हवालदार रोज पहिल्या बसने यायला लागले. इंजिन विठ्ठलने जोडलं. हवालदार शेजारी हात मागे बांधून उभे असत. एकेका बोल्टपाशी त्यांची बोटं चुळबुळायची, मला दिसायचं, पण ते हात पुढे आणत नसत. विठ्ठलने पट्टा फार ताठ बसवला, तेव्हा ते म्हणाले, "दाबून बघा. बोटभर दबला पाहिजे. सिस्टर, तुम्हीही बघा." माझा अंगठा काळा झाला. त्या महिन्याभरात दवाखान्यातल्या सगळ्यांनी, अगदी डॉक्टरांनीही, तो पट्टा दाबून बघितला.

हवालदार जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते आठवतात ते दुरुस्तीनंतरच्या पहिल्या बुधवारचे. विठ्ठलने मागचं झाकण उघडलं, सगळं चाचपलं, बंद केलं आणि त्यांच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. ते चढले नाहीत.

"अहो, चला ना. पेठची माणसं विचारतात तुम्हाला," मी म्हणाले.

"नको, सिस्टर. मी शेजारी बसलो, तर घाटात विठ्ठलराव माझ्या तोंडाकडे बघतील."

त्यांनी दार बाहेरून लावलं, पिशवी काखेत मारली आणि आमची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधीच ते देवळालीच्या बससाठी चालायला लागले होते. एकदाही मागे वळून बघितलं नाही.