सटाण्याचे व्याही आणि औषधी मुळा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. पोह्यांच्या एका बशीत मी माझ्या पोरीचं ठरलेलं लग्न जवळजवळ मोडलं होतं!

मला सायनसचा त्रास. त्यात नाशिकची थंडी! नाक असं चोंदतं की शेजारी लसणाची फोडणी पडली तरी मला पत्ता नसतो. जर्मनीतली माझी मेहुणी आली ती माझ्यासाठी बरणी घेऊनच.

"दाजी, हा तिकडचा औषधी मुळा. किसून व्हिनेगरमध्ये घातलाय. कफ सुटतो, नाक मोकळं होतं. तिकडच्या आज्या दुखऱ्या सांध्यांवर लेपसुद्धा लावतात. पण चिमूटभरच हं!"

बरणीचं झाकण गळत होतं, म्हणून बायकोनं, नंदानं, तो कीस स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवला. औषध सुरू करायला मला काही मुहूर्त सापडेना.

रविवारी व्याही आणि विहीणबाई आले. अण्णा म्हणजे सटाण्याचे कांद्याचे व्यापारी. लग्नाची तारीख धरायची होती. नंदा चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, पोह्यांवर खोबरं घाला. फ्रिजमध्ये डबा आहे."

डबा होता ना! पांढराशुभ्र, ओलसर कीस. वास घेऊन पाहिला. वास कुठला येतोय! मग काय, पेरला सढळ हातानं. अण्णांच्या बशीत तर दोन चमचे. मुलीचा बाप मी, हात आखडता घेईन का?

अण्णांनी घास घेतला. आधी कान लाल, मग नाक लाल, मग डोळ्यांतून धारा! विहीणबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, काय हळवी माणसं! मीही रुमाल काढला.

"अण्णा, रडू नका हो! पोरगी तर आमची चाललीय!"

"रडतंय कोण?" अण्णा ओरडले. "हाई काय शे? घातलंय काय यात? चाळीस वर्षं कांद्यात काढली, डोळ्यांत टिपूस नाही आला कधी!"

नंदा धावत आली. डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, हे तुमचं नाकाचं औषध!"

मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. अण्णांनी नाक पुसलं. एक लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"पण मोकळं झालं बरं का!" म्हणाले, आणि जे हसत सुटले!

तारीख धरली. निघताना मात्र विहीणबाईंनी दारात नंदाचा हात धरला.

"ताई, आमचं मागणं काहीच नाही. फक्त लग्नात आमच्या या व्याह्यांना पंगतीत वाढायला देऊ नका!"