गुडघ्याचं विचारणारा

शेवंताबाई आमची शेजारीण. रायपूरच्या भनपुरीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं, नवऱ्यानं रेल्वेच्या नोकरीत बांधून तिच्या नावावर केलेलं. होतं म्हणते, कारण आता नाही. ते काहून गेलं, हे सांगताना अजून माझं डोकं फिरते.

रायपूर राजधानी झालं अन् आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पडक्या भिंतीलेही भाव आला. तेव्हाच नीलकंठ नावाचा प्लॉटचा दलाल तिच्याकडं येऊ लागला. अकोल्याकडचा. रोज दुपारी यायचा अन् "मावशी, गुडघे कसे आहेत?" म्हणत बसायचा. मराठीत, बरं का. तिचा पोरगा सचिन हिंदीत बोलते, सून हिंदीत, नातवंडांले तर मराठी येतच नाही. मी होते, पण मले ड्युटीतून फुरसत कुठं? तो आला की ही चहा ठेवून गावाकडच्या गोष्टी काढायची.

दोन महिन्यांनी तो तिले रजिस्ट्री ऑफिसात घेऊन गेला. नवीन राज्य झालं, घराचे कागद नव्यानं करा लागते म्हणे. तिनं सह्या केल्या. तो विक्रीचा कागद होता. महिनाभरात घेणारा कुलूप घेऊन दारात उभा राहिला, अन् हे सगळे किरायाच्या एका खोलीत गेले.

मीच तिले ठाण्यात नेलं. चारशे वीसचा गुन्हा लागला, नीलकंठ जामिनावर सुटला, तारखा पडत पडत पाच वर्षं गेली. सरकारी वकील म्हणाले, "अम्मा, बस इतना बोलना है कि उसने कागज़ के बारे में झूठ बोला था." घर परत मिळायची आशा तेवढ्या एका वाक्यावर होती. आठवडाभर मी ते तिच्याकडून घोकून घेतलं.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात नीलकंठ समोरून आला. मले वाटलं तोंड लपवन. तो तिच्यापाशी टेकला अन् हळूच म्हणाला, "मावशी, गुडघे दुखून राहिले का अजून?" मी त्याले हाकललं. शेवंताबाईनं पदरानं डोळे पुसले.

आत वकिलांनी विचारलं. मोडक्यातोडक्या हिंदीत ती म्हणाली, त्यानं सांगितलं असन विक्रीचा कागद हाय म्हणून, मलेच आठवत नाही.

झालं. तो सुटल्यातच जमा.

बाहेर येऊन मी भडकले. "काहून असं बोलल्या वो काकू? घर गेलं नं तुमचं."

"पाच वर्षांत मले गुडघ्याचं कोणी विचारलं नाही, माया," ती म्हणाली.

मले तिचा राग आला अन् स्वतःची लाजही वाटली. मीही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात सचिननं स्कूटर आणली. "चलो अम्मा, देर हो रही है." ती भिंतीले धरून उठली. पायऱ्या उतरायले तिले लय वेळ लागला, अन् सचिन हॉर्न वाजवत राहिला.