काळी चारवर जाऊन बसणारा टॉम

आधीच सांगते, आमच्या घरात करणी, उतारा, अंगारे-धुपारे हे शब्दसुद्धा कुणी काढत नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ करत वाढलेली मी, आणि वर नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, क्वालिटीला. कारण सापडल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही, हाच माझा धंदा. या सदरातले अनुभव वाचून "आधी वायरिंग बघा" असं मी कितीदा तरी पुटपुटलेय... आता तुम्ही मला म्हणा.

गारखेड्यात आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. आई भीमगीतं गायची, अप्पा तिच्या साथीला ढोलकीवर. जयंतीच्या महिन्यात दोघं घरी सापडतील तर शपथ. अप्पा गेले आणि आईनं गाणं बंद केलं. नुसतं स्टेजवरचं नाही, भांडी घासतानाचं गुणगुणणंसुद्धा. लोक म्हणाले, दुःख आहे, ओसरेल. ते काही ओसरलं नाही. मला तिचं रडणं चाललं असतं, पण ती शांतता सहन होईना.

अप्पांची ढोलकी मला कधी जमली नाही, ती त्यांच्या गायन पार्टीतल्या लोकांना देऊन टाकली. मला वेड ड्रमसेटचं. म्हटलं, वाजवायला लागू, निदान वैतागून तरी आई तोंड उघडेल. पण तयार सेट खिशाला झेपणारा नव्हता. त्यात मी डावरी, उंचीला बेताची... दुकानातल्या सेटवर बसले की पाय पेडलवर लोंबकळायचे. मग एकेक तुकडा जमवला. खुलताबादच्या एका बँडवाल्याकडं अडगळीत पडलेला मोठा ड्रम आणि एक फ्लोअर टॉम, म्हणजे तीन पायांवर उभा राहणारा तो ढोल. औरंगपुऱ्यातून गंजका स्नेअर, तो कडकडणारा छोटा ड्रम. झांज तडकलेली मिळाली, तिची तडकलेली कड इर्शादनं कापून दिली. इर्शाद आमच्याच कंपनीत आहे, गिटार वाजवतो आणि माझी टिंगल करतो. बसायला आईच्या शिलाई मशीनचं स्टूल. सगळं उलटं मांडलं, डावऱ्या हाताला सोयीचं, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. असला बारा गावचा सेट दुसरा नसेल, पण माझ्या मापाचा होता.

इंटरनेटवर बघून बघून मी टॉमचा सूर चांगला खाली लावला, पोटात धूम होईल असा. पुढच्या रविवारी बघते तर चढलेला. परत उतरवला, परत चढला. मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप लावलं, तर प्रत्येक वेळी एकच सूर. आपल्या पेटीच्या भाषेत काळी चार.

आता ड्रमचे नट सैल होऊन आवाज उतरतो, हे कुणीही सांगेल. आपोआप चढतो कसा? मला तर गंमतच वाटायला लागली. नवीन कातडं बसवलं, म्हणजे प्लास्टिकचंच असतं ते. काही फरक नाही. मग कारखान्यात करतो तसं प्रत्येक नटावर नेलपॉलिशची आडवी रेघ मारली. नट जरा हलला तरी रेघ तुटणार. रविवारी रेघा जशाच्या तशा, आणि सूर काळी चार. इर्शादला बोलावलं. त्याच्यासमोर टॉम उतरवला, नवीन रेघा मारल्या, तिथंच बसून चहा प्यायलो. कप खाली ठेवून मी एक टोला दिला. इर्शादनं ॲप बघितलं, वाकून एकेक नट बघितला आणि टिंगल विसरून म्हणाला, "मॅडम, नट तो वहीं के वहीं है."

राहता राहिला तापलेला पत्रा. म्हणून पुढच्या सुट्टीला टॉम खाली हॉलमध्ये आणला. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी सूर परत उतरवला आणि संथपणे वाजवायला लागले, तर इथंही तो काळी चारवरच गेला. थोड्या वेळानं मान वर केली तर आई दारात उभी, मेथीची जुडी हातात तशीच.

"हा सूर तुला कुणी सांगितला, सुजे?"

म्हटलं, कुणी नाही, आपोआप जातो तिथं. आणि तुझा सूर तर काळी पाच ना?

ती खाली बसली. मग हळूहळू सांगितलं. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज उतरला होता. काळी पाच लागेना. ते फक्त अप्पांना माहीत. मी कामावर गेले की दार लावून अप्पा ढोलकी काळी चारवर उतरवायचे आणि तिच्याकडून सगळी गाणी नव्यानं बसवून घ्यायचे. आमच्याकडं रीतच ती, ढोलकी गाणाऱ्याच्या सुराला लावायची, गाणाऱ्यानं ढोलकीमागं धावायचं नाही. पण त्या सुरात एकही कार्यक्रम व्हायच्या आत अप्पा गेले.

"दुःख होतंच पोरी. पण लाज लई वाटली. ज्यांनी माझी पाच ऐकली, त्यांच्यासमोर एकटीनं चारवर कसं गावं?"

मी हात थांबवला नाही. आणि आई गायली... बसल्या जागी, पदरात मेथीची पानं, आवाज घोगरा, पण सुरात पक्का. त्या वर्षी जयंतीला वस्तीच्या स्टेजवरही ती काळी चारमध्येच गायली, मागं माझा बारा गावचा सेट. कुणीही सूर मोजला नाही.

तुम्ही म्हणाल, आईनंच गुपचूप चढवला असेल. तिचे गुडघे गच्चीचा जिना चढत नाहीत, आणि इर्शाद आणि मी चहा प्यायलो तेव्हा ती मावशीकडं होती. कातडं, पत्रा, थंडी-ऊन, सगळं तपासून झालंय. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर खरंच सांगा. माझ्याकडची ही एक तक्रार अजून बंद झालेली नाही.

त्यानंतर टॉम काळी चारवरून हलला नव्हता. परवा दुपारी सहज टोला दिला तर अर्ध्या सुरानं खाली. नटांवरच्या रेघा अखंड. मी नट पिळायची चावी हातात घेतली होती, परत ठेवून दिली. आईला काही बोलले नाही.

संध्याकाळी ती गायला बसली, घसा खाकरला, एक ओळ धरून सोडून दिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आज जरा उतरवून घे गं."

"घेतलाय," मी म्हटलं.