मावशींच्या दारातलं टेन्शन

"ते समद्यास्नीच हाय. तुला काय हुतंय ते सांग." दारावर हात आडवा धरून मावशी पेशंटला अडवायच्या. नुसतं 'टेन्शन आहे' म्हणणाऱ्याला आत प्रवेश नाही! मिरजेत आमच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात त्या नंबर पुकारायच्या आणि मी नर्स. दारावरची अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या मावशी जरा जास्तच चौकस होत्या.

मी नोकरीला लागले तेव्हा खेड्यातली म्हातारी माणसं बीपीलाच टेन्शन म्हणत आणि 'टेन्शनची गोळी' मागत. पुढे ते पोरांच्या परीक्षेचं झालं, मग जावयाचं. आता मिक्सर बिघडला तरी टेन्शन येतं. मावशी वैतागायच्या. "आदी बाया सांगायच्या, जीव घाबरा हुतोय, काळीज धडधडतंय. आता समद्यावर एकच झाकण!" तासगावच्या एका आजोबांना त्यांनी इतकं खोदून विचारलं, की ते रागावून थेट एसटी स्टँडवर गेले. समजूत काढून मलाच त्यांना परत आणावं लागलं.

मग मला मुलगी झाली. तीन महिन्यांनी मीच पेशंट म्हणून आले आणि स्वतःच्या केसपेपरवर स्वतःच लिहिलं, टेन्शन. घरी आईने दोनदा माझी दृष्ट काढली होती. मावशींनी दारात हात आडवा धरला.

"मावशी, मी स्टाफ आहे!"

"आज न्हाईस. काय हुतंय?"

"झोप नाही."

"आनि?"

बाकावर आईच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. मी तिकडे न बघता म्हणाले, "मला तिला उचलावंसंच वाटत नाही. रडली की वाटतं, कुठंतरी निघून जावं."

बोलले आणि माझीच मला लाज वाटली. एरवी मला 'शिस्टर' म्हणणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "पोरी, थोरल्याच्या वक्ताला माझंबी असंच झालं हुतं. मला कुनी इचारलंच न्हाई. आता मला सांगितलंस तसंच बाईंना सांग." नंबर मोडून त्यांनी मला हाताला धरून आत नेलं.

उपचाराला पाच-सहा महिने लागले. एका सकाळी मुलगी पाळण्यात रडली आणि मी कणकेच्या हाताने तशीच धावले. त्या दिवशी मावशींना मुद्दाम फोन केला.

मावशी मागच्या वर्षी गेल्या. मुलगी तेव्हा सातवीत होती. तिलाही अंत्यदर्शनाला नेलं.

"आई, या आपल्या कोण लागतात?" तिने विचारलं.

"यांनी तुला आई दिली," मी म्हणाले, आणि तिला कवटाळून सगळ्यांसमोर मोठ्याने रडले.