उष्टी हळद आणि उघडी गाडी

मे महिन्यात, काळ्या मातीच्या रस्त्यावर, टप उघडा टाकलेली गाडी! आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, सुचलंच कसं त्यांना?

गाडी जावयाच्या मामाची. मामा पुण्याचे. विलायतेत कारागिरांनी हाताने बांधलेली, म्हणे. आतलं लाकूड अक्रोडाचं, सीटांचं कातडं सायीच्या रंगाचं, त्याची शिवण न् शिवण हाताची. टप कापडाचा, तोही दोघांनी ओढावा तेव्हा बसायचा. वऱ्हाड हिवरा आश्रमाकडून बसने आलं, आणि ही महाराणी आली ट्रकवर चढून. बीबी गावाच्या पुढे, आमच्या गावच्या फाट्यावर तिला उतरवलं. सोबत पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस होता, फक्त तिला सांभाळायला. नवरदेव बाजूला राहिला आणि गाव गाडीभोवती गोळा झालं.

मी नवरीची आई. कन्यादानाचा उपास, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. तरी सगळं सोसलं. गाडी आत येईना म्हणून मांडवाची कमान सोडायला लावली, सोसलं. विहीणबाई येता-जाता आमच्या बायांना "हात नका लावू बरं" म्हणून हटकत होत्या, तेही सोसलं. गाडीला कुंकवाचं बोट लावू दिलं नाही, चाकाखाली नारळ ठेवू दिला नाही. म्हटलं जाऊ दे, पाहुण्यांची वस्तू आहे.

पाठवणीची वेळ झाली. आमच्यात नवरीसोबत पाठराखीण जाते, तिच्या शेजारी बसून, शिदोरीची दुरडी मांडीवर घेऊन. पाठराखीण होती माझी धाकटी बहीण, पोरीची मावशी. ती गाडीत पाय ठेवणार तोच विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही टेम्पोत बसा. करंज्यायचं तेल लागंन सीटाले." बहीण बिचारी मुकाट्याने भांड्यांच्या टेम्पोत जाऊन बसली.

मग त्या हातमोजेवाल्याने डिकीतून प्लॅस्टिकची पन्नी काढली. सोयाबीनच्या ढिगावर टाकतो ना, तसली. ती नवरीच्या जागेवर अंथरली. फक्त नवरीच्या. मला म्हणाला, "ताई, हळदीचा डाग कातड्यावरून निघत नाही." पोर बसली तर खाली चर्र चर्र वाजलं. लग्नाच्या साडीत, बाशिंग बांधलेली माझी पोर पन्नीवर!

माझी नजर जावयाच्या तोंडावर. या घडीला तो काय बोलतो त्यावर माझ्या पोरीची त्या घरातली किंमत ठरणार होती. एक शब्द बोल रे बाबा, मनात म्हटलं. तो बोलला. हातमोजेवाल्याला म्हणाला, "दादा, नीट पसरवा ना. तिकडून सीट दिसून राह्यली."

जावयाला वर तोंड करून बोलायची आमच्यात रीत नाही. गेली रीत चुलीत.

"काऊन हो जावईबापू," मी म्हटलं, "हळद कोणाची हाये ते? पयले तुमच्या अंगाले लागली. तुमची उष्टी हळद ताटात घालून, वाजतगाजत तुमच्याच बायांनी आणली, अन् आम्ही पोरीले लावली. तुमच्या नखात ते अजून हाये, पाहा. तुमची हळद डाग पाडत नाही, अन् तेच हळद माह्या पोरीच्या अंगाले लागली की डाग पाडते काय?"

बँडवाले वाजवायचे थांबले. विहीणबाई फणकारल्या, "एवढ्याशा पन्नीसाठी काय तमाशा लावला? अशी गाडी तुमच्या गावानं जन्मात पाह्यली नसंन!"

"सोन्याची सुरी झाली म्हणून उरात खुपसून घेऊ काय?" मी म्हटलं.

"आई, चूप बस," पोर म्हणाली. वाटलं, झाली ही त्यांची. पण ती उठली, साडी सावरली, गाडीतून उतरली आणि टेम्पोत मावशीशेजारी जाऊन बसली. तिथून ड्रायव्हरला म्हणाली, "काका, टेम्पो पुढे घ्या. त्यायले मागून येऊ द्या."

आमच्या रस्त्यावर मे महिन्यात घोटाभर फुफाटा असतो. टेम्पो निघाला तसा तो उठला आणि मागच्या उघड्या गाडीवर बसत गेला. हातमोजेवाला टप ओढायला धावला, पण दुसरा हात लावायला होतं कोण? बोट नका लावू म्हणून बजावलं होतं ना? मांडवातली एक बाई जागची हलली नाही. मीही पाहत राहिले, डोळ्यांतलं पाणी न पुसता.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. फाट्यापर्यंत गाडी मातीने माखली होती. अख्ख्या गाडीत पन्नीखालची जागा तेवढी स्वच्छ राहिली होती, माझ्या पोरीची. फाट्यावर जावई उतरला, भुवयांवर धूळ घेऊन टेम्पोजवळ आला आणि खालूनच त्याने विचारलं, "मी येऊ काय इथं?"

"मंग? ते काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, या. पण दुरडी मांडीवर घ्या, तेल झिरपून राह्यलं."

"घेतली त्यानं?"

"घेतली ना बाई. पांढऱ्या शेरवानीवर."

तेव्हा कुठे मी माझं ताट वाढायला सांगितलं.